इलेक्ट्रिक ट्रकने बोट ओढत ताहोला नेऊन रॅम्पवरून पाण्यात सोडता येते का?

तुम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समला राहता, मोठ्या बॅटरीची एफ-१५० लाइटनिंग हा फोर्डचा इलेक्ट्रिक ट्रक आहे, २१ फुटी बोट घेतली आहे. वाटेत चार्ज न करता लेक ताहो गाठता येईल का आणि रॅम्पवर ट्रकची मागची चाकं पाण्यात गेली तर बॅटरीला धोका आहे का, हे तुम्ही विचारलंय.

धोका नाही. बॅटरीचा डबा पक्का बंद असतो आणि चार्जिंगचं तोंड पुढच्या डाव्या बाजूला, पाण्यापासून अख्ख्या ट्रकभर लांब. सायलेन्सरच नाही, तेव्हा तो पाण्याखाली जाण्याची भानगडही नाही. काळजी करायचीच असेल तर ट्रेलरच्या ब्रेकची करा. त्याबद्दल कोणी विचारतच नाही.

आधी पल्ल्याचं गणित. बोट, ट्रेलर, पेट्रोल आणि सामान मिळून साडेपाच हजार पौंड धरा. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावल्यावर वेगमर्यादा ५५ मैल आहे. ती पाळलीत तर एका युनिटला साधारण १.२ मैल मिळतात. हायवे ५० ने सुमारे ८० मैल, म्हणजे ६५ ते ७० युनिट. शिवाय चढ. फॉल्सम २०० फुटांच्या आसपास, वाटेतला एको समिटचा घाटमाथा ७,३८२ फुटांवर. ट्रक-बोट मिळून १२,००० पौंड तेवढे वर उचलायला नुसते ३२ युनिट लागतात, मोटरमधली तूट धरून ३५. एकूण १०० ते १०५, आणि बॅटरी १३१ ची. घरून १०० टक्के भरून निघालात तर वीसेक टक्के शिल्लक ठेवून पोचाल. ८० टक्क्यांवर निघालात तर प्लॅसरव्हिलला थांबावंच लागेल. बहुतेक फास्ट चार्जरवर ट्रकचं तोंड आत घालावं लागतं आणि मागचा ट्रेलर रस्ता अडवतो, म्हणून तो सोडवून ठेवायची तयारी हवी. वर मुक्काम असेल तर ५० अँपिअरचा प्लग असलेली कॅम्पसाइट घ्या, ४० अँपिअरने रात्रीच्या दहा तासांत ९० च्या आसपास युनिट भरतात. येताना उतार असल्याने ५०-५५ पुरतात.

आता ब्रेक. “उतारावर नुसता पाय उचला, रीजन सगळं सांभाळतं, ब्रेक झिजतच नाहीत,” असं इलेक्ट्रिकवाले छातीठोकपणे सांगतात. रीजन म्हणजे मोटरनेच गाडी मंदावून वीज बॅटरीत परत भरणं. ट्रकपुरतं ते खरं आहे. पण बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. ट्रक मंदावला की ट्रेलर पुढे ढकलला जातो, हिचजवळचा, म्हणजे ट्रक-ट्रेलरच्या जोडाजवळचा, दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रक पॅडने मंदावला की मोटरने, हे त्या दांड्याला कळत नाही. एको समिटवरून पायथ्याच्या मायर्स गावाकडे उतरताना तुम्ही एका पेडलवर, म्हणजे ब्रेकला हात न लावता नुसता पाय उचलून, निवांत बसलात, तर तिथे ट्रेलरचे ब्रेक हलकेच पण सतत घासत राहतात. ट्रक गार, ट्रेलरचे हब तापलेले. डिझेलवाला इंजिन ब्रेकवर उतरला तरी हेच होतं, फक्त त्याला ‘ब्रेक वाचले’ असं कोणी सांगितलेलं नसतं.

आणि तापलेला हब थेट ताहोच्या थंडगार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचं पाणी मिसळून दुधाळ लोणी होतं. त्या दिवशी काही कळत नाही, काही आठवड्यांनी हायवेवर बेअरिंग जातं. म्हणून घाटमाथ्यावरच वेग कमी करा, एक-पेडल बंद ठेवा आणि पायाने ब्रेक लावायचा तो नीट दाबून: ४५ वरून ३५ वर आणायचं आणि पूर्ण सोडून द्यायचं. सोडल्यावर दांडा सुटायला वाव मिळतो, ब्रेकला वारा लागतो. रॅम्पच्या आधी प्रत्येक हबला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर वीस मिनिटं थांबा. बोटीला चिकटून परके शिंपले तळ्यात जाऊ नयेत म्हणून मायर्सला तपासणी होते, तो वेळ आयताच मिळतो. ड्रेन प्लग लावणं, बोट ट्रेलरला बांधणारे मागचे पट्टे सोडणं हे रॅम्पजवळ थांबल्यावरच उरका. विंचचा पट्टा आणि साखळी मात्र पाण्यापर्यंत राहू द्या.

सपाटीवर मागे घेताना ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढू नका. ट्रेलरला पाच तारांचा प्लग असेल तर पाचवी तार रिव्हर्समध्ये सर्ज ब्रेक मोकळे ठेवते. ती निघाली की ट्रेलर अडून बसतो. उतार लागला की दांडा ताणलेला राहतो, तेव्हा प्लग काढून दिवे वाचवा.

रॅम्पवर इलेक्ट्रिकच सरस, हे मी कोणाही डिझेलवाल्याला ठणकावून सांगेन. इंचाइंचाने मागे जातो, आणि इंजिनची धडधड नसल्याने मागे उभ्या माणसाची हाक स्पष्ट ऐकू येते. ट्रेलरच्या मडगार्डचा वरचा काठ दोन-तीन इंच पाण्याबाहेर राहिला की थांबा. मग पाय ब्रेकवरच ठेवून दुसऱ्याला पुढच्या चाकाखाली रबरी ठोकळा लावायला सांगा, घाटात बंद पडलेल्या एसटीच्या चाकाखाली दगड लावतात तसा. मग हातब्रेक, मग पार्क, आणि मग हळूहळू पाय उचला. कारण हातब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तीच चाकं शेवाळावर उभी असतात. सीटबेल्ट सोडून, दार उघडून वाकून मागे बघू नका, तसं केलं की बऱ्याच ट्रकांत गिअर आपोआप पार्कमध्ये जातो. फोन हीच किल्ली असेल तर तो वॉटरप्रूफ पिशवीत घालून गळ्यात अडकवा आणि दुसरी किल्ली किनाऱ्यावरच्या माणसाकडे द्या.

बोट चढवून वर येताना ट्रकचा ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड लावा आणि पेडल सावकाश दाबा. मोटरचा सगळा जोर पहिल्या क्षणालाच मिळतो, ओल्या काँक्रीटवर चाक एकदा फिरलं की जागच्या जागी फिरतच राहतं.

हे सगळं गोड्या पाण्याचं. समुद्रावर, बोडेगा बेला नेलीत तर ट्रकच्या खालून आणि ट्रेलरच्या ब्रेकवर त्याच दिवशी गोडं पाणी मारा. चुकून ट्रक खाऱ्या पाण्यात बॅटरीपर्यंत बुडालाच तर तो चालू करू नका, गॅरेजमध्ये तर मुळीच ठेवू नका. इमारतींपासून ५० फूट लांब ठेवून टोइंगवाल्याला बोलवा. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात अशा बुडालेल्या गाड्या नंतर पेटल्या होत्या.

आणि १.२ मैलांचा आकडा टॉवर (बोटीवरची उंच कमान) नसलेल्या, वारा शांत असताना ओढलेल्या बोटीचा आहे. टॉवर किंवा फडफडणारं कव्हर असेल तर एकच धरा. आधी ५५ च्या वेगाने सपाटीवर वीस मैल ओढून तुमचा आकडा काढा, आणि येताना फॉल्सम लेकच्या ब्राउन्स रव्हीन रॅम्पवर गर्दी नसलेल्या वारी दोनदा बोट सोडून-चढवून पाहा. नंतर बोट नीट कोरडी करा, नाहीतर मायर्सला अडवतील.