सोलर सेलमध्ये कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालताना

आधी ट्यूब न घातलेले, साध्या पी३एचटी-पीसीबीएमचे सेल सातत्याने सारखे निघू द्या (पी३एचटी हा प्रकाश शोषणारा पॉलिमर, पीसीबीएम हा त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारा कार्बनी रेणू). नाहीतर फरक ट्यूबमुळे पडला की हातामुळे, हे कळणारच नाही.

खरी अडचण लांबीची आहे. प्रकाशापासून वीज करणारा सक्रिय थर १०० ते २०० नॅनोमीटर जाड आणि ट्यूब बहुधा मायक्रॉनभर लांब. एखादी तिरपी किंवा उभी राहिली किंवा गुठळी झाली, की दोन्ही इलेक्ट्रोड थेट जोडले जातात. शिवाय प्रकारानुसार वेगळ्या न काढलेल्या एकभिंती (कार्बनच्या एकाच थराच्या) ट्यूबांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धन जागा) पुन्हा एकत्र येऊन वाया जातात. म्हणून वजनाने ०.१ टक्क्यापासून सुरू करा. १ टक्क्याच्या वर जायची घाई नको.

पी३एचटी क्लोरोबेन्झीनमध्ये विरघळवून ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरने गाळा, आणि मगच ट्यूब टाका. नंतर गाळलंत तर बऱ्याचशा ट्यूब फिल्टरमध्येच अडकतील. पॉलिमर ट्यूबभोवती गुंडाळला जातो, त्यामुळे त्या सुट्या राहतात. सॉनिकेशन (ध्वनिलहरींनी ट्यूब सुट्या करणं) बर्फाच्या पाण्यात ठेवून करा. फार वेळ चालवलं तर ट्यूब तुटतात. मग सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव वापरा. गुठळ्या आणि ट्यूब बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकाचे बरेच कण तळाशी बसतात, त्यामुळे वर उरलेलं प्रमाण टाकलेल्यापेक्षा कमी असतं. ते प्रकाश-शोषणावरून मोजा.

ट्यूबांची कोरडी पावडर फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) हाताळा.

सेल तयार झाला की करंट-व्होल्टेजचा पहिला आलेख अंधारातला घ्या. उलट्या व्होल्टेजला करंट सरळ रेषेत चढत असेल, तर शंट (करंट गळण्याची आडवाट) आहे: ट्यूब कमी करा किंवा थर जाड करा.