घरी कागद करायचा आहे? आधी वर्तमानपत्र बाजूला ठेवा

पहिल्यांदा करणारे बहुतेक जण रद्दीतलं वर्तमानपत्र घेतात. त्याचा तंतू आखूड आणि कमजोर, शिवाय शाईमुळे कागद करडा येतो. त्यापेक्षा जुन्या वह्यांची पानं घ्या. चकचकीत, प्लास्टिकचा थर असलेला कागद नको. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून सुती चिंध्यांचा कागद होतो, मजबुती त्या कापसाची. पण चिंध्या घरच्या मिक्सरला झेपत नाहीत, तो नाद सोडा.

तुकडे रात्रभर भिजवा. मिक्सरमध्ये मूठभर भिजलेले तुकडे, बाकी भांडं पाण्याने भरलेलं, आणि लगदा होईपर्यंत थांबत थांबत फिरवा. फार बारीक केलात तर तंतूच तुटतात.

खरी मेख चौकटीत आहे. मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणून ठोका. बोटाने दाबल्यावर झोळ पडला तर कागद मधे जाड आणि कडेला विरळ येणार. लगदा टबातल्या पाण्यात ओता आणि दर वेळी हाताने ढवळा, तो सारखा तळाशी बसतो. चौकट तिरकी आत घाला, आडवी करून सरळ वर उचला आणि पाणी गळत असतानाच दोन्ही दिशांनी हलकी हलवा. तंतू एकमेकांत अडकतात ते याच वेळी. पाणी निथळल्यावर हलवलंत तर पापुद्रा फाटतो.

ओल्या सुती कापडावर उलटा करून वजनाखाली दाबा, मग सावलीत वाळवा. शाईने लिहायचं असेल तर वाळलेल्या कागदाला पातळ खळ लावा, नाहीतर शाई फुटते.

उरलेला लगदा बेसिनमध्ये ओतू नका. प्लंबरचा खर्च कागदापेक्षा महाग पडतो.