विमान लागतं तेव्हा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बारामतीला विमान चालवायला शिकतेस, पण आकाशात अर्धा तास झाला की पोटात ढवळायला लागतं, उतरल्यावर बाथरूममध्ये जाऊन उलटी करतेस, आणि इन्स्ट्रक्टरना यातलं काहीच माहीत नाही. गेल्या आठवड्यात तर ॲव्होमिन घेऊन उडालीस. मला त्या उलटीपेक्षा या लपवण्याची जास्त काळजी वाटते.

आधी गोळीचं. घाटात गाडी लागू नये म्हणून आपल्याकडे घरोघरी ॲव्होमिन घेतात, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण तिने गुंगी येते आणि ती बराच वेळ राहते. मागे बसणाऱ्या प्रवाशाने डॉक्टरांना विचारून उड्डाणाआधी घेतली तर ठीक. कंट्रोल्सवर बसणाऱ्याने अशी कुठलीही गोळी परस्पर घ्यायची नाही. तुझी मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल.

आता त्रास का होतो ते. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. विमान वळलं, उसळलं की ती मेंदूला कळवते. त्याच वेळी तू चेकलिस्टवर डोळे लावून बसलेली असतेस आणि डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. यात भित्रेपणाचा किंवा नालायकीचा काही संबंध नाही. १९६१ च्या ऑगस्टमध्ये व्होस्टोक-२ मधून अवकाशात गेलेला गेरमान तितोव्ह लढाऊ वैमानिक होता, अवघा पंचवीस वर्षांचा. त्यालाही तिथे मळमळून आलं, आणि तरीही तो एका दिवसाहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरून सुखरूप परतला.

म्हणून नजर बाहेर, लांब क्षितिजावर ठेव. नकाशा किंवा चेकलिस्ट बघायची असेल तर ती डोळ्यांसमोर उचलून धर, थोडं बघ, पुन्हा बाहेर बघ. वळणात असताना खाली पडलेली पेन्सिल शोधायला वाकू नकोस. विमान फिरत असताना डोकं झटकन हललं की कानातला गोंधळ कितीतरी पटींनी वाढतो. चांगल्या चांगल्यांना तिथेच उमासे येतात.

घाटात मागच्या सीटवरच्या माणसाला गाडी लागते, ड्रायव्हरला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच कळलेलं असतं. तुझंही तसंच आहे. बरं वाटेनासं झालं की इन्स्ट्रक्टरना सांग आणि थोडा वेळ सरळ, समतल उड्डाण स्वतःच्या हातात माग. पुष्कळदा तेवढ्याने आराम पडतो.

पण त्यासाठी वेळेवर बोलावं लागतं. उलटी अचानक येत नाही. आधी जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, गरम व्हायला लागतं, मग कपाळावर थंड घाम येतो, आणि बोलणारी मुलगी गप्प होते. पहिल्या जांभयांनाच सांग. हवेची झडप उघडून वारा तोंडावर घे, डोकं सीटला टेकव, पोटातून सावकाश श्वास घे. पिशवी हाताशी असू दे, मागच्या बॅगेत नको. एवढं करूनही थांबलं नाही तर परत फिरायचं. चांगला इन्स्ट्रक्टर यावरून तुला कमी लेखणार नाही. पुढे सोलो जाशील तेव्हा शेजारी विमान सांभाळायला कोणी नसेल, म्हणून हे त्यांना आत्ताच माहीत असायला हवं.

वेळेचंही बघ. एप्रिल-मेच्या दुपारी नांगरलेली काळी जमीन तापते आणि हवा जोरात वर उठते. शेजारच्या उसावर किंवा उजनीच्या पाण्यावर तशी उठत नाही. तुझं हलकं विमान खालूनच उडतं, त्यामुळे या चढउतारात ते सतत उसळत राहतं. सध्या पहाटेच्या सॉर्टी, म्हणजे सरावाच्या फेऱ्या माग, आणि त्याही लहान. रिकाम्या पोटी मात्र जाऊ नकोस, त्याने मळमळ वाढते. तासभर आधी थोडे पोहे किंवा इडली खा. मिसळ, वडापाव उतरल्यावर. आलेपाकाने काहींना बरं वाटतं, गुंगीही येत नाही, तेव्हा करून बघायला हरकत नाही. आदल्या रात्री झोप पुरी हवी आणि दिवसभर पाणी हवं.

शरीराला या हालचालींची सवय होते. बहुतेकांचा त्रास नियमित उडण्याने ओसरतो. खंड पडला की सवय मोडते, तेव्हा आठवडा-दोन आठवडे घरी राहून ‘बरं वाटल्यावर’ परतण्याचा तुझा विचार मला पटत नाही. पुढे डोळ्यांवर हूड, म्हणजे बाहेरचं झाकणारी झापड लावून फक्त उपकरणं बघत उडायचं इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग सुरू होईल, बाहेरचं दिसणं बंद होईल, तेव्हा मळमळ पुन्हा डोकावेल. त्याने खचू नकोस. तीही सवयीनेच जाते.

उद्या सकाळी ब्रीफिंगच्या आधी इन्स्ट्रक्टरना भेट. मग सॉर्टी झाली की मला लिही: त्रास कितव्या मिनिटाला सुरू झाला, तेव्हा विमान वळत होतं की सरळ होतं, तू कुठे बघत होतीस आणि आधी काय खाल्लं होतंस. ते कळलं की पुढचं ठरवू.

तुझे,
काका