सायबरपंकमधला (बड्या कंपन्यांच्या जगात अंगात यंत्रं बसवून घेणाऱ्यांच्या विज्ञानकथांमधला) माणूस शरीर बदलून मोकळा होतो की कंपनीच्या ताब्यात जातो? वाचायला सुरुवात कुठून करू?

ताब्यात जातो. यंत्र बसवून घेताना 'बिघडलं तर उघडणार कोण?' हे कुणी विचारत नाही, सगळी गोम तिथं आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. कास्टिंगच्या ग्राइंडिंगमध्ये उमेदीची वर्षं गेली, तीही कानात नुसता कापूस घालून. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढला तर ४००० हर्ट्झला हा खड्डा! आवाज यायचा, पण 'स', 'श' गळून पडायचे. गिऱ्हाईक साठ म्हणालं की आठ, कळायचं नाही. धंद्यात हे परवडतंय होय?

राजारामपुरीतल्या एका साखळी दुकानातून कानाचं मशीन घेतलं. दसरा चौकात गाडीतून कसलीतरी टिकटिक यायला लागली. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, काही सापडेना. इंडिकेटर होता. किती वर्षं तो मला ऐकूच आला नव्हता.

पुढं ते दुकान बंद पडलं. कान आणखी उतरला, मशीनचा प्रोग्रॅम बदलायला हवा होता. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टनं (कान तपासून मशीन लावून देणाऱ्यानं) वायर लावून लॅपटॉपला जोडलं, तर उघडेना. त्या साखळीपुरतं लॉक केलेलं. म्हणाला, नवीनच घ्या. मशीन ठणठणीत, पैसे माझे, कान माझा!

माझा साडू हिंजवडीत आयटीत आहे. त्याचं एकच पालुपद: "अटी वाचून सही तूच केलीस ना?"

'रोबोकॉप' (१९८७) या सिनेमात मारल्या गेलेल्या मर्फी नावाच्या पोलिसाला कंपनी यंत्रमानव बनवते, तेव्हा कंपनीची माणसं हेच म्हणतात. मर्फीनं भरती होतानाच कागदांवर सही केलीय, आता तो कायद्यानं मेलेला, त्याचं काहीही करा. वर त्याच्या डोक्यात छुपा चौथा नियम घालतात: कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. खुनामागचा सूत्रधार समोर, पुरावा हातात, तरी पठ्ठ्याला काही करता येत नाही. म्हातारा मालक त्या अधिकाऱ्याला नोकरीवरून काढतो तेव्हाच गोळी सुटते. म्हणजे न्यायसुद्धा एचआरमार्फत.

विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) ही कादंबरी त्याहून जालीम. केस नावाच्या हॅकरच्या नसा जुन्या मालकांनी विष घालून निकामी केलेल्या. नवा मालक त्या दुरुस्त करून देतो, पण रक्तवाहिन्यांत त्याच विषाच्या पिशव्या चिकटवून ठेवतो, हळूहळू विरघळणाऱ्या. काम वेळेत झालं तर काढणार. इथं साडूनं दाखवावी सही कुठं आहे ती.

आणि हे कथेपुरतं नाही. सेकंड साइट नावाच्या अमेरिकी कंपनीनं अंधांच्या डोळ्यांत बसवायचं इम्प्लांट काढलं, २०१३ साली त्याला तिथं मंजुरीही मिळाली. पुढं कंपनी डबघाईला आली आणि साडेतीनशेहून जास्त माणसं डोळ्यात जुनं यंत्र घेऊन वाऱ्यावर.

सगळी मशीनं लॉक नसतात, हेही सांगतो. बरीचशी कुठलाही ऑडिओलॉजिस्ट उघडतो. मशीन घेऊच नका असं मुळीच नाही, मी नवं घेतलंय आणि आत्ताही कानात आहे.

सुरुवात 'न्यूरोमॅन्सर'पासून करा. पहिली पानं डोक्यावरून जातील, सोडू नका. आणि घरात कुणासाठी मशीन घ्यायचं असेल तर दुसरीकडे प्रोग्रॅम होईल का ते आधी विचारा, उत्तर कागदावर घ्या. साडूनं आमच्या सासऱ्यांसाठी घेतलं तेव्हा विचारलं नव्हतं. आता मलाच फोन करतोय, लॉक कोण काढून देतं म्हणून.