गार्मा महोत्सव गुलकुलालाच का भरतो? ती जागा एवढी महत्त्वाची का?

कारण ती जागा महोत्सवासाठी निवडलेली नाही, महोत्सवच त्या जागेतून उगवला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य आर्न्हेम लँडमधलं गुलकुला हे योलंगू या तिथल्या आदिवासी लोकांपैकी गुमाच कुळाचं विधिस्थान. त्यांच्या परंपरेनुसार गानबुलाबुला हा पूर्वज इथल्या उंच झाडांत मध शोधत फिरला आणि यिडाकी, म्हणजे आपण ज्याला डिजेरिडू म्हणतो ते वाद्य, त्याने इथेच आणलं. 1999 पासून गार्मा भरतो, पण लोकांनी इथे एकत्र येऊन नाचणं-गाणं त्याहून कितीतरी जुनं आहे. संध्याकाळी होणारं बुंगुल नृत्य म्हणूनच मला 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणवत नाही. कोणतं गाणं कुठल्या कुळाचं, कुठल्या भूमीचं, हे ठरलेलं असतं. एका अर्थी ते गाणं म्हणजेच जमिनीचा सातबारा.

हा पुरावा कोर्टाने मात्र मानला नाही. बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेतली तेव्हा 1963 मध्ये यिरकाला या वस्तीतल्या योलंगूंनी झाडाच्या सालीवर चिकटवलेले, चित्रांनी वेढलेले अर्ज संसदेला पाठवले. 1971 मध्ये ते जमिनीच्या हक्काचा खटला हरले. आर्न्हेम लँड ज्यात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशासाठी आदिवासी जमीन हक्क कायदा आला 1976 मध्ये.

तुम्ही जाणार असाल तर पाहुणे म्हणून जा. कुठे फिरायचं, कशाचा फोटो काढायचा, हे आधी यजमानांना विचारा.