डी२ चं पातं गंजलं म्हणून पुढचा चाकू क्रोमियमचा आकडा बघून घेऊ नका

समुद्राजवळ राहता, डी२ या पोलादाच्या पात्याचा घडीचा चाकू पंधरा दिवसांत तांबूस ठिपक्यांनी भरला, आणि आता ‘जास्त क्रोमियमवाला’ शोधताय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून माझाच जुना चाकू आठवला. पुसणं, तेल लावणं तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

मी फसलो तो याच आकड्यावर. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून मी त्याला जवळपास स्टेनलेस धरून चाललो. पण कार्बनही दीड टक्क्याच्या घरात असतो, आणि तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे टणक कण बनवतो. धार टिकते ती त्यांच्यामुळे. मात्र त्यांत अडकलेलं क्रोमियम गंज अडवायला उरत नाही. पात्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो तो मोकळ्या क्रोमियममुळे, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड त्या थरातली कच्ची जागा पकडून तिथे खड्डा पाडतात. २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट हे पोलाद बघा: क्रोमियम १०.७ टक्के, म्हणजे डी२ पेक्षा कमी, तरी गंजाला कितीतरी जास्त दाद न देणारं. त्यातले कार्बाइड व्हॅनेडियम आणि नायोबियमचे आहेत, क्रोमियम मोकळं राहतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

पुढचं जास्त लागलं. पातं ज्या स्क्रूवर फिरतं तो मी साफसफाईसाठी उघडला, तर आत वॉशरभोवती तपकिरी चिखल आणि पात्याच्या बुडाला खड्डे. चाकू सेवा केंद्राकडे पाठवला. महिनाभराने तसाच परत आला, सोबत दोन ओळी: गंज हा वापरातला दोष, आणि स्क्रू उघडल्याने वॉरंटी रद्द. खोक्यावर ‘गंजरोधक’ मोठ्या अक्षरांत छापलं होतं! अजून राग येतो. तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा आणि डागांचे फोटो काढून ठेवा.

आता माझं मत. मी धातुशास्त्रज्ञ नाही, आणि उष्णतेची प्रक्रिया बिघडली तर चांगलं पोलादही गंजतं, हे धरून वाचा. रोज खाऱ्या पाण्यात हात असेल तर एच१ किंवा एलसी२००एन ही पोलादं. दोन्हींत कार्बन अगदी कमी आणि नायट्रोजन असतं. एच१ ची साधी धार लवकर बोथट होते, दोर कापायचे असतील तर दातेरी घ्या. नुसती दमट हवा असेल तर १४सी२८एन पुरे, धारही पटकन लागते. बजेट असेल तर मॅग्नाकट. नाव ऐकून ४४०सी घेऊ नका. क्रोमियम १७ टक्के असलं तरी कार्बन १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे पुन्हा तीच अडकाअडकी.

वाळू मारून खरखरीत केलेलं पातं टाळा, त्याच्या खळग्यांत ओल धरते. गुळगुळीत घासलेलं बरं. काळ्या लेपाचा भरवसाही अर्धाच, कारण धारेवर लेप नसतो. आणि चाकू चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल सोडत नाही.

तुमचा डी२ फेकू नका, घरातल्या खोक्यांना तो उत्तम आहे. फक्त खिशाला अडकवायच्या क्लिपचे स्क्रू एकदा बघून घ्या. माझ्या चाकूत पात्याच्या आधी तेच लाल झाले होते.