व्याख्यान नंतर ठेवा, आधी कपाट उघडा

मॅडम, तुमची पोस्ट वाचली. आठवीच्या मुलांना वीज क्षेत्रातल्या कामांची ओळख व्हावी म्हणून व्याख्यान ठेवलं, मुलं कंटाळली, आणि शाळेत आलेलं प्रयोगाचं किट 'मोडलं तर जबाबदारी कुणाची' म्हणून कपाटात बंद आहे. व्याख्यानाचं सोडा. तुमची खरी अडचण ते कपाट आहे, आणि तीच आम्हीही भोगली आहे.

एका कार्यालयाचा आग्रह असा होता की प्रत्येक मोटर, प्रत्येक वायर डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) चढवा आणि तपासणीच्या वेळी सुस्थितीत दाखवा. मोडलं तर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवा. प्रस्ताव गेला की त्रुटी काढून परत. शेवटी शिक्षक कुलूप लावतात, किट नवंकोरं राहतं आणि मुलं दहावी होऊन निघून जातात. मुलांच्या हातून वस्तू मोडणार हे धरूनच साहित्य दिलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट तिथे कुणाच्या गळी उतरली नाही. याचा राग आजही येतो.

उपाय असा. आलेल्या किटला हात न लावता सुटं साहित्य वेगळं घ्या. 'वापरात झिजणारं, उपभोग्य साहित्य' असा स्पष्ट ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्या आणि नोंद उपभोग्य साहित्याच्या रजिस्टरला करा. (तुमच्या केंद्रप्रमुखांना एकदा विचारून घ्या, पद्धत तालुक्यागणिक बदलते.)

पहिली वस्तू म्हणजे १२ व्होल्टची, ६० ते १०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी), धातूच्या गिअरची मोटर. दांड्याला हँडल बसवा, झाला जनरेटर. पिवळी प्लास्टिकची मोटर स्वस्त मिळते, पण जोर पडला की तिचे दात तुटतात. खेळण्यातली बिनगिअरची मोटर हाताने कितीही फिरवली तरी एक व्होल्टसुद्धा देत नाही, आणि पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. मोटरच्या तारांना दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे जोडा, त्यांच्या वाटेत ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. हँडल इकडे फिरवलं की एक पेटतो, तिकडे फिरवलं की दुसरा.

आता मुख्य भाग. आधी काहीही न जोडता मोकळी मोटर फिरवू द्या. मग दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा आणि पुन्हा तेच हँडल फिरवायला सांगा. हात एकदम जड होतो. 'लोड आला' म्हणजे काय ते मनगटाला कळतं. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रात लोड वाढला की बॉयलरला जास्त कोळसा का द्यावा लागतो, हे इथेच समजतं. कोळसा, वाफ, टर्बाइन ही आकृती फळ्यावर काढायची ती यानंतर. प्रेशर कुकरच्या वाफेवर चाक फिरवण्याचा प्रयोग मात्र वर्गात करू नका, भाजण्याचा धोका आहे.

दुसरी वस्तू १० वॅटचं सोलर पॅनेल आणि साधा मल्टिमीटर. उन्हात मोकळ्या तारांवर २० व्होल्टच्या आसपास दिसतील. एका सेलवर, म्हणजे पॅनेलवरच्या एका लहान तुकड्यावर, तळहात ठेवला तर व्होल्ट फारसे उतरत नाहीत, आणि मुलं म्हणतात सावलीने काही फरक पडत नाही. करंट मोजा, मग खरं दिसतं. सेल एकामागून एक जोडलेले असतात, एक झाकला की सगळ्यांचा करंट अडतो. करंट मोजताना लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लागते. ती तशीच ठेवून पुढे व्होल्ट मोजायला गेलात तर शॉर्ट होतो. मीटर बहुतेक याच कारणाने जातात. हेच पॅनेल जानेवारीत सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी मोजा. पॅनेल तापलं की व्होल्ट उतरतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चांगलंच जाणवतं.

वावरातल्या सौर पंपाच्या तारांना मात्र हात लावू देऊ नका. तिथे शेकडो व्होल्ट डीसी असतो, ठिणगी धरली की सहज विझत नाही. डीपीजवळ, म्हणजे शेतपंपांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळही नाही. डीपी लांबून दाखवा आणि गणित वर्गात करा. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर (केव्हीए म्हणजे तो किती भार पेलतो त्याचं माप), ५ एचपीचा पंप साधारण साडेपाच केव्हीए घेतो, म्हणजे अकरा पंप झाले की तो भरला. मग लाईन आल्याबरोबर ऑटो स्विचमुळे (वीज येताच पंप आपोआप चालू करणारा) सगळे पंप एकदम सुरू होतात, सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात, आणि पंपाचा करंट कमी ठेवणारा कपॅसिटर कुणीच लावलेला नसतो. आपली डीपी का जळते हे मुलांना कळलं की लाईनमन, ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा आणि इंजिनिअर नेमकं काय करतात ते ती आपणहून विचारतात.

तेव्हा वाटा सांगा. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, दोन वर्षं. पॉलिटेक्निक तीन वर्षं. बीएस्सी रसायनशास्त्र केलेल्यांना औष्णिक केंद्रात पाणी आणि कोळसा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम असतं, हे फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. मुलींना इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायला आवर्जून सांगा, घरचे 'खांबावर चढावं लागेल' म्हणून अडवतात, पण पॅनेल वायरिंग, मीटर टेस्टिंग, कंट्रोल रूम ही कामंही याच ट्रेडमधली. भरतीच्या अटी बदलत राहतात, जाहिरात मूळ वाचा.

मोटर एकदम चार-पाच घ्या. एकच असली तर पुढच्या बाकावरची मुलंच फिरवतात.